या मालकाचं गेट कुठं आहे? सोलापूरच्या लोकप्रतिनिधींना खुलं पत्र

सोलापूर जिल्ह्यातून लोकसभेवर आणि विधानसभेवर निवडून गेलेल्या आपणा सर्वांना,

स. न. वि. वि.

आपल्या जिल्ह्यात विधानसभेच्या 11 जागा आहेत. लोकसभेला आपण तिघांत वाटले गेलो आहोत: सोलापूर, माढा, आणि बार्शी धाराशिवला जोडलेली. म्हणजे हे पत्र एकूण 14 जणांना आहे. आपले पक्ष वेगळे आहेत, पण माझं मागणं सगळ्यांकडे एकच आहे, म्हणून पत्रही एकच लिहितो.

पूर्व भागात आमचा चादरी आणि टेरी टॉवेलचा कारखाना आहे. 16 माग. घरात आम्ही तेलुगू बोलतो, हिशेब मराठीत लिहितो. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साळखात्यात होते. मिल बंद पडल्यावर त्यांनी जुने चार माग घेतले आणि त्यावर घर उभं केलं. आज आमचा निम्म्याहून जास्त माल ऑनलाइन जातो. मुलगी बी.कॉम. झाली आणि तिने हे सगळं सुरू केलं. याचा फायदा झाला, हे आधी सांगतो. पूर्वी व्यापाऱ्याकडून पैसे सुटायला तीन-तीन महिने जायचे, आता पंधरा दिवसांत खात्यावर येतात. गुवाहाटीच्या एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी आमच्याकडून 40 चादरी मागवल्या. माझ्या वडिलांना गुवाहाटीचा गिऱ्हाईक कधी भेटला नसता. तेव्हा तंत्रज्ञानाला नावं ठेवायला मी बसलेलो नाही.

दिवाळीच्या 11 दिवस आधी, सकाळी साडेसहाला, मुलीच्या मोबाइलवर एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेची मेल आली. इंग्रजीत. आमचं विक्रेता खातं धोरणाचा भंग झाल्यामुळे बंद करण्यात येत आहे. कोणतं धोरण, कोणत्या मालाबद्दल, कोणाची तक्रार, एका शब्दानं कळवलेलं नव्हतं. 640 चादरी पॅक करून ठेवलेल्या होत्या. विकलेल्या मालाचे पैसेही अडकले. मुलीने उत्तर पाठवलं की दोन मिनिटांत तिकडून उत्तर यायचं, आणि दर वेळी तेच, शब्द न् शब्द तोच. माणूस दोन मिनिटांत इतकं मोठं पत्र वाचत नाही, हे तिला तिसऱ्या वेळी समजलं. 23 दिवसांनी एका ओळीची मेल आली की खातं पुन्हा सुरू केलं आहे. दिवाळी होऊन गेली होती. कारण मला आजतागायत माहीत नाही.

त्या आठवड्यांत मी पगार अर्धाच वाटला. आमच्याकडे 22 वर्षांपासून माग चालवणारे एक कामगार आहेत, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. शनिवारी पैसे खिशात घालताना ते म्हणाले, "मालक, ह्या कंपनीचं गेट कुठं आहे? चारजण जाऊन बसू की."

त्यांना काय सांगायचं ते मला सुचलं नाही. या पत्राची सुरुवात तिथे झाली.

मामांचा प्रश्न भाबडा नाही. सोलापूरच्या माणसाला गेट म्हणजे काय ते कळतं. 1877 साली इथे जुनी मिल सुरू झाली, तेव्हापासून या गावाने भोंग्यावर जेवण केलं आणि भोंग्यावर झोप घेतली. मिलमालक फार दयाळू होते असं कोणी म्हणणार नाही. पण मालकाला एक पत्ता होता. पगार थकला, मशीनवर हात गेला, बदली कामगाराला कामावरून परत पाठवलं, की माणसं गेटवर जमायची. युनियनचा माणूस आत जायचा. लेबर ऑफिसात तारीख पडायची. वडील सांगायचे की गेटच्या आत फळा होता आणि त्यावर कायद्याचा गोषवारा मराठीत लावलेला असायचा. ती मालकाची मेहेरबानी नव्हती. 1948 च्या कारखाना कायद्यातच लिहिलेलं होतं की कामगारांसाठीची सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, दाराजवळ, दिसेल अशी लावायची. 1948 साली, नव्या देशाने, एवढा बारीक विचार केला होता. माझ्या मुलीला आलेली मेल कोणत्या भाषेत होती ते वर लिहिलंच आहे.

आता दुसरं उदाहरण घ्या, तुम्हा सर्वांच्या जास्त ओळखीचं. आपली बाजार समिती. कांद्याच्या दिवसांत तिथे काय गर्दी असते ते तुम्ही पाहता. अडत्याला परवाना लागतो. लिलाव चारचौघांत होतो. काट्याची तपासणी होते. शेतकऱ्याला हिशेबपट्टी मिळते, तीत हमाली किती, तोलाई किती, ते लिहिलेलं असतं. तिथे तक्रारी नाहीत असं नाही, खूप आहेत. पण तक्रार घेऊन सचिवाकडे जाता येतं, तिथे नाही झालं तर जिल्हा उपनिबंधकाकडे. ऑनलाइन बाजारात मात्र बाजार ज्याचा, काटा त्याचाच, लिलाव पुकारणाराही तोच. माझा कोणता रंग कोणत्या शहरात जास्त खपतो, गिऱ्हाईक किती रुपयांपर्यंत थांबतं आणि कुठे पुढे सरकतं, हे सगळं त्याला माझ्याआधी दिसतं. आणि तोच उद्या स्वतःच्या नावाची चादर काढून माझ्या वर लावू शकतो.

ही माझ्या मनातली शंका नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ॲमेझॉनची अंतर्गत कागदपत्रं पाहून बातमी दिली होती, की भारतात चांगल्या खपणाऱ्या वस्तूंच्या नकला कंपनीच्या स्वतःच्या ब्रँडखाली काढल्या जात होत्या आणि शोधल्यावर त्या वर दिसतील अशी व्यवस्था केली जात होती. कंपनीने ते नाकारलं. त्याच्याही आधी, जानेवारी 2020 मध्ये, दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांच्या चौकशीचा आदेश दिला. महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाची स्थगिती आली. स्थगिती उठायला 2021 उजाडलं, तपासाचा अहवाल तयार व्हायला 2024. मग पुन्हा वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत याचिका. या काळात छोट्या दुकानदाराने काय खायचं?

गुगलचंही तसंच. ऑक्टोबर 2022 मध्ये आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात 1,337.76 कोटी आणि प्ले स्टोअरच्या प्रकरणात 936.44 कोटी रुपयांचा दंड केला. दुसरा दंड अपिलात 2025 मध्ये 216.69 कोटींवर आला. हे आकडे आपल्याला प्रचंड वाटतात. पण आपलंच सर्च इंजिन सगळीकडे आधीपासून बसवलेलं असावं, एवढ्याकरता गुगलने 2021 या एका वर्षात फोन आणि ब्राउझरच्या कंपन्यांना 2,630 कोटी डॉलर दिले होते. हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं, आणि त्या खटल्यात ऑगस्ट 2024 मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. ज्याचा एका वर्षाचा खर्च असा, त्याला आपल्या दंडाची झळ किती लागणार?

मागवाला म्हणून एक गोष्ट सांगतो. साध्या मागावर ताण्याची तार तुटली तर माग चालूच राहतो. विणकराची नजर हटली की वारभर कापडात दोष पडतो, मग उसवत बसा. ऑटोमॅटिक मागावर तार तुटली की माग जागीच थांबतो. आपला स्पर्धा कायदा साध्या मागासारखा आहे. कापड खराब झाल्यावर, पाच-सात वर्षांनी, दोष कुठे पडला ते तो शोधतो. तार तुटताच थांबवणारा कायदा युरोपने केला. मार्च 2024 पासून तिथे धंदा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांना तो पाळावा लागतो, आणि एप्रिल 2025 मध्ये ॲपलला 50 कोटी युरो आणि फेसबुकची मालक कंपनी मेटाला 20 कोटी युरो दंडही झाला. आपणही तसा कायदा करायला निघालो होतो. डिसेंबर 2022 मध्ये संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने, जयंत सिन्हा अध्यक्ष असताना, तशी स्पष्ट शिफारस केली. सरकारने समिती नेमली. मार्च 2024 मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा लोकांसमोर आला. भारतातली उलाढाल 4,000 कोटी, एक कोटी वापरकर्ते, असे निकष लावून अतिबलाढ्य कंपन्या आधीच ठरवायच्या, त्यांनी स्वतःचा माल पुढे करायचा नाही, विक्रेत्याची माहिती त्याच्याच विरुद्ध वापरायची नाही, आणि मोडलं तर जगभरच्या उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड. मी तो मसुदा मुलीकडून वाचून घेतला. दोन संध्याकाळी लागल्या. त्यात माझ्या धंद्याची दुखरी जागा कोणीतरी नेमकी पाहिली आहे असं मला वाटलं.

हे विधेयक अजून संसदेत मांडलं गेलेलं नाही.

काही नव्या भारतीय कंपन्यांना भीती आहे की त्याही या निकषांत अडकतील. ती भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. निकष बदला, चर्चा करा, पण ती चर्चा सभागृहात होऊ द्या. आज कोणत्याही सभागृहात ती होत नाही, आणि त्याला जबाबदार आपण आहात.

आता जे लिहितो ते थोडं कडू लागेल. आपल्यापैकी बहुतेकांना या कंपन्यांविरुद्ध बोलायला अवघड जातं, कारण आपली निवडणूकही आता त्यांच्याच अंगणात होते. प्रत्येक बूथचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. फेसबुकवर फोटो किती जणांनी पाहिला ते रोज मोजलं जातं. प्रचाराच्या दिवसांत माझ्या मोबाइलवर अशा पेजवरून व्हिडिओ येत होते, ज्यांचं नाव कोणत्याच पक्षाशी जुळत नव्हतं. पैसे कोणी भरले, मला कळलं नाही. आमच्या कारखान्यात दोन कामगार एकाच गल्लीत राहतात, दोघांना उमेदवाराबद्दल पूर्णपणे वेगवेगळ्या गोष्टी दिसत होत्या आणि दोघंही आपलंच खरं मानत होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांची भांडणं मी सोडवली आहेत. पूर्वी सभा व्हायची, समोरच्याला उलटून विचारता यायचं. कानात सांगितलेल्या गोष्टीला उलटून कोण विचारणार? 2018 मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या निवडणूक प्रचाराच्या सल्लागार कंपनीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा फेसबुकने जगातल्या 8.7 कोटींपर्यंत लोकांची माहिती गेली असावी असं सांगितलं, त्यात आपले 5.62 लाख होते. तेव्हा आपल्याकडे दोन पक्षांनी एकमेकांवर आरोप केले आणि विषय संपला.

या अंगणाचा मालक आपल्याला आज जवळचा वाटत असेल. त्याची निष्ठा कशी फिरते ते पाहा. जानेवारी 2021 मध्ये फेसबुक आणि ट्विटरने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदावर असलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांची खाती बंद केली. चार वर्षांनी, 20 जानेवारी 2025 ला त्यांच्याच शपथविधीला फेसबुकचे झुकरबर्ग, ॲमेझॉनचे बेझोस, गुगलचे पिचाई आणि ट्विटरचे नंतरचे मालक मस्क अगदी पुढच्या रांगांत होते. मेटा आणि ॲमेझॉनने समारंभाच्या निधीला प्रत्येकी 10 लाख डॉलर दिले होते. खातं बंद केल्याबद्दलचा दावा मिटवायला मेटाने आणखी 2.5 कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. ट्रम्प तुम्हाला आवडोत न आवडोत, तो प्रश्नच नाही. बंद करायचं तेही कंपनीने ठरवलं आणि भरपाई किती द्यायची तेही. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाचं खातं जर एका दुपारी जातं, तर माळशिरसच्या किंवा अक्कलकोटच्या आमदाराचं जायला किती वेळ लागेल?

या कंपन्या देशांनाही जुमानत नाहीत. फेब्रुवारी 2021 मध्ये ऑस्ट्रेलियाने बातम्यांचा मोबदला द्या असा कायदा आणला, तेव्हा फेसबुकने बातम्या बंद केल्या, आणि त्या फटक्यात आपत्कालीन सेवांची पानंसुद्धा गेली. कॅनडात 2023 मध्ये असंच झालं. जंगलं पेटलेली होती आणि फेसबुकवर बातमी दिसत नव्हती.

आपल्याकडे इतक्या उघडपणे काही होत नाही. ऑनलाइन जाहिरातींवर आपण 2016 पासून 6 टक्के समकारी शुल्क घेत होतो, ज्याला लोक गुगल टॅक्स म्हणायचे. ई-कॉमर्सवर 2 टक्के होतं. 2 टक्क्यांचं ऑगस्ट 2024 मध्ये गेलं, 6 टक्क्यांचं एप्रिल 2025 पासून गेलं, नेमकं अमेरिकेशी आयातशुल्काची ओढाताण चालू असताना. सरकारची त्यामागे कारणं असतील. मला एवढंच दिसतं की चादरीवरचा जीएसटी उशिरा भरला तर मला व्याज पडतं, आणि ज्यांची उलाढाल देशांच्या अंदाजपत्रकाएवढी आहे त्यांच्यावरचं शुल्क जाताना सोलापूरच्या एकाही प्रतिनिधीचा आवाज माझ्या कानावर आला नाही.

यूपीआयचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण ते आपलं स्वतःचं आहे, सरकारी पाठबळाचं, आणि अभिमान वाटावा असं आहे. चाटी गल्लीपासून मार्केट यार्डापर्यंत प्रत्येक गाड्यावर क्यूआर कोड आहे. पण व्यवहार कोणामार्फत होतात? फोनपे, जिची मालकी मुख्यतः वॉलमार्टकडे आहे, आणि गुगल पे. दोघांत मिळून सुमारे 80 टक्के. एका ॲपकडे 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नसावेत असा नियम 2020 मध्येच जाहीर झाला होता. त्याची मुदत वाढत वाढत 2026 च्या डिसेंबरअखेरपर्यंत आली. रस्ता आपण बांधला आणि त्यावर गाड्या दोघांच्याच.

आणि आता आमच्या चादरीबद्दल. सोलापुरी चादर हे महाराष्ट्रातून भौगोलिक मानांकन मिळालेलं पहिलं उत्पादन. आपण प्रत्येक भाषणात याचा उल्लेख करता, सत्काराला चादरच देता. आज कोणत्याही ऑनलाइन बाजारपेठेत 'सोलापुरी चादर' असं टाका. बराचसा माल सोलापूरचा नसतो. दुसऱ्या राज्यात विणलेला, हलक्या सुताचा, दोन धुण्यांत विरणारा. 1999 च्या मानांकन कायद्याप्रमाणे खोटं नाव लावणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 ते दोन लाख रुपये दंड आहे. दुकानात असा माल सापडला तर दुकानदाराला पकडता येतं. ऑनलाइन कंपनी म्हणते, आम्ही फक्त मध्यस्थ, माल विक्रेत्याचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 79 तिला हे संरक्षण देतं. माल वर दाखवायचा तिनं, जाहिरातीचे पैसे घ्यायचे तिनं, गोदामात ठेवायचा तिनं, पोचवायचा तिनं, कमिशन कापायचं तिनं, आणि नाव खोटं निघालं की मध्यस्थ. मी नकली मालाच्या सात तक्रारी केल्या. दोन लिस्टिंग निघाल्या, आठवड्यात दुसऱ्या नावाने परत आल्या.

लोकांनी ठरवलं तर या कंपन्यांना मागे सरकावं लागतं, हे आपल्याच देशात घडलेलं आहे. 2015 मध्ये फेसबुक फुकट इंटरनेट घेऊन आलं होतं, ज्यात कोणत्या वेबसाइट फुकट ते फेसबुकच्या योजनेत ठरणार होतं. पानपानभर जाहिराती आल्या. पण लाखो लोकांनी ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, मेल लिहिल्या, आणि 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने असे भेदभावाचे दर बंद केले. त्या मेल लिहिणारे बहुतेक मोठ्या शहरांतले, इंग्रजी जाणणारे होते. मामांना मेल लिहिता येत नाही. त्यांच्या वतीने लिहायला त्यांनी तुम्हाला मत दिलं.

एक गोष्ट स्पष्ट करतो. कंपनीची मनमानी नको म्हणून ती सरकारच्या हाती द्या, असं माझं म्हणणं नाही. कोणाची पोस्ट काढायची, कोणाचं पेज बंद करायचं, हे मंत्रालयाने गुपचूप ठरवावं हेही मला नको आहे. दर 12 जानेवारीला आपण चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. त्यातले कुर्बान हुसेन वृत्तपत्र चालवत होते. इंग्रजांच्या मार्शल लॉच्या सरकारने या गावाचं तोंड कसं दाबलं ते आपल्या घराघरांत माहीत आहे. मला हवा आहे तो दोघांनाही बांधणारा, लिहिलेला, वाचता येणारा नियम.

खासदारांनी पुढच्या अधिवेशनात विचारावं की डिजिटल स्पर्धा विधेयक कधी मांडणार, आणि मांडणार नसाल तर का. त्यात विक्रेत्यासाठी एक कलम मागावं: खातं बंद करण्याआधी लेखी कारण, त्याच्या भाषेत, उत्तर द्यायला मुदत, आणि ऐकायला राज्यात एक जिवंत अधिकारी. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत ग्राहकाच्या तक्रारीला 48 तासांत पोच आणि महिन्यात निवारण आहे. विक्रेता हा ग्राहक नाही, म्हणून त्याला ते लागू नाही. मानांकन असलेल्या नावाने माल चढवताना नोंदणीचा क्रमांक मागावा, एवढं कंपन्या उद्या सकाळी करू शकतात. आमदारांनी आपल्या विधानसभेत हाच विषय काढावा, कारण वस्त्रोद्योग आणि मजुरी हे राज्याचेही प्रश्न आहेत. आणि आपण 14 जणांनी, कोणी सांगायची वाट न पाहता, आपापला ऑनलाइन प्रचाराचा खर्च जाहीर करावा, समर्थकांच्या नावाने चालणाऱ्या पेजसह. त्याला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आपण विचारलेल्या प्रश्नाची आणि मंत्र्यांच्या उत्तराची प्रत मला पाठवा. उत्तर मराठीत नसेल तर मुलगी करून देईल. आमच्या कारखान्यात दारातून आत आल्यावर डाव्या हाताला फळा आहे, तिथे मी मजुरीचे दर लावतो. त्याच्या शेजारी ती प्रत लावीन. मामांना दुपारच्या सुट्टीत वाचून दाखवायचं मी कबूल केलं आहे.

आपला,
एक यंत्रमाग कारखानदार
पूर्व भाग, सोलापूर